१९६८ची मिनी : बोनेटखालच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी

काम फक्त बोनेटखालचं. सीट, आतलं कापड, बाहेरचा रंग, क्रोम यांना हात लावायचा नाही. हे आधीच लिहून ठेवतोय, कारण जुन्या गाडीचं काम न सांगता पसरत जातं.

गाडी मिनी १००० ही छोटी ब्रिटिश मोटार, मार्क टू म्हणजे दुसरी आवृत्ती, सन १९६८. ए-सिरीज ९९८ सीसी इंजिन, बोअर ६४.५८ मिमी, स्ट्रोक ७६.२ मिमी, कागदोपत्री ३८ अश्वशक्ती. एकच एसयू एचएस२ कार्बोरेटर, लुकासचा डायनामो (वीज बनवणारा), चारही चाकांना ड्रम ब्रेक. इंजिन चालतं. गरम असताना कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं तर चारही सिलिंडर १५० ते १५८ पीएसआयच्या दरम्यान आले. तेव्हा पिस्टन-क्रँक उघडायचं काहीच कारण नाही.

मग तक्रारी काय? पावसात इंजिन अचानक बंद पडतं. आयडलिंगला हेडलाइट मंदावतात. गरम इंजिन पुन्हा चालू व्हायला कुरकुर करतं. इंजिनाच्या अंगभर तेल. आणि वायरिंगवर इतक्या जणांनी इतक्या प्रकारच्या टेपा गुंडाळल्या आहेत की मूळ हार्नेस (वायरींची जुडी) कुठे आहे ते शोधावं लागतं.

१९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी ३.०५ मीटर लांबीत चार माणसं बसवली ती इंजिनाची जागा खाऊन. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच संपमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत), दोघांना तेल एकच, रेडिएटर समोर नाही तर डाव्या चाकाच्या बाजूला. बोनेटखाली मोकळी जागा अशी उरलीच नाही. त्यामुळे इथे कुठलाही सुटा बदल करता येत नाही. एक वस्तू बदलली की तिच्या शेजारची दोन जागची हलवावी लागतात. हे डोक्यात ठेवूनच यादी करतोय.

नियम एकच: बॉडीच्या पत्र्यात नवं भोक पाडायचं नाही. जे काही नवं येईल ते जुन्याच बोल्टवर बसलं पाहिजे, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात.

१२ जानेवारी

फोटो आणि चिठ्ठ्या. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. या गाड्यांच्या वायरिंगचे रंग ठरलेले आहेत: तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, फ्यूजशिवाय, पांढरी इग्निशन चालू केल्यावर जिवंत होते, हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम जिवंत, फ्यूजमधून, निळी हेडलाइटची, तांबडी पार्किंगची, काळी अर्थची. एवढं पाठ असलं की निम्मं वायरिंग न उलगडता कळतं. मात्र मधल्या काळात कोणीतरी हॉर्न, वायपर आणि कॉइल या तिघांसाठी एकाच तांबड्या वायरची गुंडाळी वापरली आहे. त्या तिघींना पिवळ्या चिठ्ठ्या.

आज सापडलेली मोठी गोष्ट: चोकची केबल. बाहेरचं आवरण मधोमध वितळलेलं, आतली तार निळसर पडलेली. एक्झॉस्टच्या उष्णतेने हे झालेलं नाही, कारण ती जागा त्याच्यापासून लांब आहे. कारण शोधायला खाली वाकलो तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थ पट्टीच नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशेबाने ते अधांतरी. पट्टी नसली की स्टार्टरचा सगळा करंट परतीसाठी जी धातूची वाट मिळेल ती धरतो, आणि इथे ती वाट चोकच्या केबलची होती.

खात्री करायला मीटर लावला. स्टार्टर फिरवताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचं अर्थकडचं टोक यांच्यात १.४ व्होल्ट. तिथे जवळजवळ काहीच दिसायला नको.

१८ जानेवारी

इंजिन बाहेर. सबफ्रेम खाली सोडून काढायची पद्धत आहे, वरून उचलायची पण आहे. ही गाडी हायड्रोलॅस्टिक, म्हणजे दाबाखालच्या द्रवावर चालणाऱ्या सस्पेंशनची. सबफ्रेम सोडायची तर त्यातला द्रव दाब सोडून काढावा लागतो, आणि नंतर परत भरायला खास पंप लागतो. म्हणून वरून.

क्रम लिहून ठेवतो, परत बसवताना उलटा वाचायला. बॅटरी डिकीत, तिची केबल आधी सोडली. बोनेट, जाळी, कार्बोरेटर, रेडिएटर. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्ट काढून पाइपसकट बाजूला टांगला, हायड्रॉलिक उघडलं नाही. स्पीडोमीटरची केबल, एक्झॉस्टचा क्लॅम्प, गिअरच्या रिमोटचं घर, वरचा स्टेडी बार (इंजिन डुलू न देणारा दांडा). ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या टोकाला रबराचे चौफुली कपलिंग आहेत, ते यू-बोल्टवर. दोन्ही तेलाने फुगलेले; नवे येणार. गिअरबॉक्ससकट वजन दीडशे किलोच्या आसपास, तेव्हा चेन ब्लॉकवर घाई केली नाही. रेडिएटरकडची बाजू आधी वर घेतली की डिफरन्शियल (चाकांना जोर वाटणारा गिअरचा संच) फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि माणसं यांमधल्या पत्र्याच्या भिंतीला, न अडकता सुटतं.

१९ जानेवारी

रिकामा इंजिन बे, म्हणजे बोनेटखालची पोकळी. रंग मुळात ओल्ड इंग्लिश व्हाइट, आता मातकट.

गंज तीन ठिकाणी. ब्रेक आणि क्लचच्या मास्टर सिलिंडरखाली रंग पूर्ण गेला आहे. ग्लायकोलचं ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं, आणि त्या उघड्या पत्र्यावर गंज चढतो. दुसरी जागा रेडिएटरसमोरच्या फटींची. मिनीचा पंखा हवा आत खेचत नाही, रेडिएटरमधून ढकलून त्या फटींतून चाकाच्या कमानीत सोडतो. उलट दिशेने चाकाचा चिखल त्याच फटींतून आत येतो. तिसरी जागा फायरवॉलवरच्या आवाज रोखणाऱ्या पुठ्ठ्यामागे. तो पुठ्ठा ओला झाला की वाळतच नाही.

पहिली आणि तिसरी जागा वरवरची आहे. फटींच्या खालची कड मात्र पेचकसाने टोचल्यावर आरपार गेली.

२ फेब्रुवारी

पत्रा. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला आणि ०.९ मिमीच्या पत्र्याचा तुकडा घडवून मिग वेल्डिंगने बसवला. टाका एका टोकाला, मग लांब दुसऱ्या टोकाला, मधे थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की एवढा पातळ पत्रा लाटेसारखा वाकतो. फटींच्या पाती मूळच्याच ठेवल्या. बाजारात या भागाचं पूर्ण पॅनल मिळतं, पण ते बसवायचं तर आजूबाजूच्या पत्र्याचे टाके सोडावे लागतात. एवढ्याशा गंजासाठी आजूबाजूचं माप का हलवायचं?

लांबी (पुट्टी) कुठेच लावली नाही. इंजिन बेमध्ये लांबी थरथर आणि उष्णता सोसत नाही. पत्रा नीट बसवला तर तिची गरजही पडत नाही. सांध्यांना सीलर, आतल्या पोकळ भागात मेण.

१६ फेब्रुवारी

इपॉक्सी प्रायमर मी मारला. वरचा रंग दोन घटकांचा आहे आणि त्यात आयसोसायनेट असतं. त्याला साधा कोळशाचा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. म्हणून गाडी ढकलत रंगाच्या बूथवर. बे बॉडीच्याच रंगात, कारण कारखान्यातून तशीच यायची. काळा रंग द्यायचा सल्ला मिळाला होता, मळ दिसत नाही म्हणून. मला मळ दिसायला हवा आहे. पांढऱ्यावर तेलाचा पहिला थेंब कुठून आला ते लगेच कळतं.

ब्रेक ऑइलचा प्रश्न उरतो. सिलिकॉनचं डॉट ५ रंग खात नाही, पण ते ग्लायकोलच्या ऑइलमध्ये मिसळायचं नसतं, म्हणजे पूर्ण सिस्टिम आणि सगळी रबरं बदलणं आलं. शिवाय त्यात बारीक हवा अडकून राहते आणि पेडल मऊ लागतं. डॉट ४ ठेवलं. मास्टर सिलिंडरना नवी सील किट घातली.

२३ फेब्रुवारी

इंजिन स्टँडवर. बाहेरून रॉकेल, ब्रश, वायर ब्रश. खालचा भाग उघडायचा नाही असं ठरलं होतं ते कायम, पण गळतीच्या जागा एकेक करून: टायमिंग कव्हरचं सील, रॉकर कव्हरचं गॅस्केट, मॅनिफोल्डच्या मागे लपलेली दोन टॅपेट कव्हर, डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंची सील, क्लचच्या बाजूचं प्रायमरी गिअरचं सील. शेवटचं गळलं की तेल थेट क्लच प्लेटवर जातं. त्यासाठी फ्लायव्हील काढावं लागतं आणि ते पुलरशिवाय निघत नाही, हातोडीने तर नाहीच. प्लेट चांगली निघाली, तीच परत.

ऑइल फिल्टर जुन्या पद्धतीचा, वाटीत कागदी एलिमेंट. दर वेळी खोबणीतली रबरी रिंग टाचणीने काढायची आणि नवी नीट बसली का ते पाहायचं. जुनी खोबणीत राहिली आणि वर नवी चढवली की इंजिन चालू होताच तेल बाहेर. पूर्ण फिल्टरच फिरवून बसवता येईल असं स्पिन-ऑन हेड लावून टाकलं. जुनी वाटी खोक्यात.

२ मार्च

हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढायचं की नाही यावर बराच विचार केला. कॉम्प्रेशन चांगलं आहे. पण दोन कारणं जमा झाली.

पहिलं, बायपास होज. वॉटर पंप आणि हेड यांच्यामध्ये बोटभर लांबीची रबरी नळी आहे. ए-सिरीजमधला सर्वांत स्वस्त भाग आणि बदलायला सर्वांत छळणारा, कारण नीट बसवायचा तर पंप किंवा हेड यांपैकी एक काढावंच लागतं. घड्यांची लवचीक नळी मिळते, ती जागेवरच दाबून बसते. पण तिचं रबर पातळ असतं आणि ती लवकर फुटते. इंजिन बाहेर असताना जाड, विणीची नळी न बसवणं म्हणजे संधी घालवणं.

दुसरं, व्हॉल्व्ह सीट. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. शिसं जळून सीटवर पातळ थर बसायचा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा धातू सीटला चिकटत नसे. बिनशिशाच्या पेट्रोलवर नुसत्या ओतीव लोखंडाची सीट झिजून व्हॉल्व्ह आत जात राहतो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली) आपोआप कमी होते. सावकाश चालवली तर वर्षानुवर्षं काही होत नाही हेही खरं. पण हेड काढलंच आहे तर एक्झॉस्टला कठीण सीट बसवून घ्यायच्या. मशीन शॉपला दिलं.

१६ मार्च

हेड परत आलं, बसवलं. नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, शेवटी ५४ न्यूटन-मीटर, म्हणजे पुस्तकातले ४० फूट-पाउंड. टॅपेट थंड इंजिनवर ०.३० मिमी. नवाचा हिशेब इथे उपयोगी पडतो: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट, सातवा उघडा असताना दुसऱ्याची, बेरीज कायम नऊ. क्रँकची खूण शोधत बसावं लागत नाही.

थर्मोस्टॅट ८२ अंशांचा. हीटरचा व्हॉल्व्ह नवा. ब्लॉकला हिरवा रंग, मूळ होता तोच.

इथेच एक मोह नोंदवून ठेवतो. मोठा कार्बोरेटर, तीन नळ्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि उघडा फिल्टर हा ठरलेला पहिला टप्पा असतो, आणि ९९८ला त्याने जाणवण्यासारखी ताकद मिळते. मॅनिफोल्ड आत्ता हातात आहे, बसवायला सोपा. पण पुढचा हिशेब असा: ताकद वाढली की दहा इंची चाकांतले ड्रम ब्रेक अपुरे, ब्रेकसाठी डिस्क, डिस्कसाठी पुढचे हब आणि शाफ्ट, आणि तोवर ही बोनेटखालची यादी राहत नाही. या गाडीला जास्त जोर नको आहे. रोज सकाळी न चुकता चालू होणं हवं आहे.

२३ मार्च

आता वीज. या कामात सर्वांत जास्त वेळ इथे जाणार हे माहीत होतं.

मूळ रचना पॉझिटिव्ह अर्थची: बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला. चार्जिंग लुकास सी४० डायनामोवर, जास्तीत जास्त २२ अँपिअर, तेही इंजिन फिरतं असताना. आयडलिंगला तो जवळपास काहीच देत नाही, लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळे. दोन हेडलाइट मिळून १० अँपिअरच्या आसपास, मागचे-पुढचे छोटे दिवे, हीटरचा पंखा, वायपर, इग्निशन. पावसाळी रात्री २२चा आकडा संपतो.

उपाय अल्टरनेटर, म्हणजे नव्या प्रकारचं जनित्र. १७एसीआर हा लुकासचाच, पुढच्या काळातल्या मिनींवर आलेला, ३६ अँपिअरचा. डायनामोच्याच कवचात लपवलेला नवा अल्टरनेटरही मिळतो. तो दिसायला अस्सल, पण बिघडला तर तो पुरवणाऱ्याकडेच धाव. मी साधा १७एसीआर घेतला. ब्रॅकेट ब्लॉकच्या मूळ भोकांतच बसतो, पट्टा वेगळ्या लांबीचा.

पण अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचा. म्हणजे सगळ्या गाडीची ध्रुवता उलटी करायची. ऐकायला भयंकर वाटतं. एकेक वस्तू तपासली तर फार थोड्यांना फरक पडतो:

स्टार्टरला नाही, त्याचं फील्ड आणि आर्मेचर दोन्ही उलटतात, फिरण्याची दिशा तीच राहते. दिव्यांना नाही. मागच्या सबफ्रेमवरच्या एसयू पेट्रोल पंपाला, तो साधा पॉइंटवाला (यांत्रिक संपर्काचा) असल्याने, नाही. आत डायोड असता तर हो. हीटरची मोटर कायमच्या चुंबकाची असेल तर उलटी फिरेल, तिच्या दोन वायरी अदलाबदल. कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल, नाहीतर ठिणगी उलट दिशेने उडते आणि प्लगला जास्त व्होल्टेज लागतं; इंजिन तरीही चालतं, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. आणि बॅटरीचे क्लॅम्प: धन खुंटा ऋण खुंट्यापेक्षा थोडा जाड असतो, जुने क्लॅम्प उलटे बसतच नाहीत. दोन्ही नवे.

३० मार्च

रेग्युलेटरचा (चार्जिंगचा व्होल्टेज सांभाळणाऱ्या वस्तूचा) डबा. अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो, तेव्हा हा निकामी. फेकला तर इंजिन बेमधली ओळखीची जागा रिकामी दिसते. आतली कॉइल आणि संपर्क काढून खोक्यात ठेवले, डबा जंक्शन म्हणून ठेवला: ए आणि ए१ ही टोकं एकत्र, डीची वायर चार्जिंगच्या दिव्याकडे, एफ मोकळी, टोकाला स्लीव्ह. अल्टरनेटरपासून सोलेनॉइडच्या (स्टार्टरच्या विजेच्या स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत ६ चौरस मिमीची नवी तपकिरी केबल, कारण जुनी २२ अँपिअरच्या हिशेबाची आहे.

एक सूचना, जो कोणी हे करेल त्याला: डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा जुन्या बल्बचाच ठेवायचा. १७एसीआर जागा होतो तो त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवर. तिथे एलईडी लावला की अल्टरनेटर गप्प बसतो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

६ एप्रिल

फ्यूज. कारखान्यातून दोनच आले, ३५ अँपिअरचे. त्यावर लिहिलेला ३५ हा फ्यूज उडण्याचा आकडा आहे. सतत वाहण्यासाठी त्याच्या निम्माच धरायचा, १७. त्या जागी आजचा ३५चा पाती फ्यूज घातला तर तो सतत ३५ वाहू देतो आणि आधी वायर जळते. जुन्या गाड्यांत हे फार ठिकाणी पाहिलं आहे.

हेडलाइटला तर फ्यूजच नाही. शिवाय सगळा करंट स्विचमधून, डिपरमधून, पन्नास-एक वर्षांच्या जुन्या जोडांमधून फिरून येतो. बॅटरी १२.६ व्होल्ट असताना बल्बच्या टोकाला १०.८. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणजे हातात येतो ६० टक्के. लोक इथे जास्त वॉटचे बल्ब घालतात, त्याने वायर आणखी तापते आणि व्होल्टेज आणखी पडतं.

दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारे स्विच), डिपला एक आणि अप्परला एक, आणि चार फ्यूजचा छोटा डबा. जागा? भोक न पाडता. रेग्युलेटरच्याच दोन स्क्रूखाली ॲल्युमिनियमची पट्टी सरकवली, तिच्यावर सगळं. जुना स्विच आता फक्त रिलेला चिमूटभर करंट देतो. बल्बवर १२.३.

हार्नेस पूर्ण नवा घेतला नाही. बेमधलाच भाग, कापडी विणीचा, मूळ रंगांच्या वायरींचा, पितळी बुलेट जोड दाबून बसवलेले.

अर्थ पट्टी: तांब्याची विणलेली, क्लच कव्हरच्या बोल्टपासून बॉडीपर्यंत, दोन्ही टोकांखाली रंग खरवडून उघडा धातू आणि वर ग्रीस. चोकची केबल नवी.

१३ एप्रिल

कार्बोरेटर. थ्रॉटलचा दांडा हाताने हलवला की खडखडतो. त्या फटीतून हवा आत शिरते, आयडलिंगचं मिश्रण पातळ होतं आणि मग स्क्रू कितीही फिरवा, जमत नाही. बॉडी रीमरने मोठी करून बुश, नवा दांडा. जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी, जिच्यात सुई खाली-वर होते) मध्यावर आणणं हा एसयूचा खरा सोपस्कार: जेटचा नट ढिला, कार्बोरेटरमधला पिस्टन उचलून सोडायचा, खाली टेकताना ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला की नट घट्ट. आवाज बोदा आला तर सुई जेटला घासतेय. डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या नळीत) एसएई २० तेल.

गरम इंजिनाची कुरकुर इथलीच होती. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड खाली, कार्बोरेटर त्याच्या वर, आणि दोघंही फायरवॉलला पाठ लावून जिथे वारा पोचत नाही. इंजिन बंद केलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. फिनॉलिकचा जाड स्पेसर आणि ॲल्युमिनियमची उष्णतारोधक ताटली बसवली. स्पेसरने कार्बोरेटर मागे सरकला तर फिल्टरचा डबा फायरवॉलला टेकायला लागला; डब्याचं नळकांडं फिरवून जागा मिळाली. एक हलवलं की शेजारचं हलतं, तेच.

पेट्रोलची रबरी नळी इथेनॉल सोसणारी, आर९ दर्जाची. जुनी बोटाने वाकवली तर तडे दिसले.

२० एप्रिल

इग्निशन. हे अल्टरनेटरनंतर ठेवलं होतं ते मुद्दाम: डिस्ट्रीब्यूटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीखाली बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल ध्रुवतेला संवेदनशील असतं, उलटं जोडलं की तिथेच मरतं. लुकास २५डी४मध्ये पॉइंटच्या जागी बसलं, व्हॅक्यूम ॲडव्हान्स शाबूत. कॉइल ३ ओहमचा. प्लगच्या वायरी रोध असलेल्या. नुसत्या तांब्याच्या वायरींचा विद्युत गोंगाट मॉड्यूलला चुकवतो. पॉइंट, कंडेन्सर आणि फिलर गेज एका पुडीत बांधून डिकीत. मॉड्यूल रस्त्यात गेलं तर पॉइंट ०.३८ मिमीवर लावून घरी येता येतं.

आता पावसाची तक्रार. पहिल्या प्रोटोटाइपमध्ये कार्बोरेटर पुढे आणि डिस्ट्रीब्यूटर फायरवॉलकडे होता. उत्पादनापूर्वी इंजिन उलटं फिरवलं, कार्बोरेटर मागे गेला आणि डिस्ट्रीब्यूटर थेट जाळीमागे आला, समोरून येणाऱ्या पाण्याच्या तोंडावर. मॉड्यूलमुळे यात सुधारणा होत नाही. पाणी टोपीवरून प्लगच्या वायरींच्या मुळाशी जातं. रबरी आवरण घातलं, आणि जाळीमागे पाणी अडवणारा पत्रा जाळीच्याच स्क्रूवर.

२७ एप्रिल

इंजिन आत. रेडिएटर नव्या कोअरचा, टोपी १३ पीएसआयची. एवढ्या दाबाखाली साधं पाणीही ११९ अंशांच्या आसपास उकळतं. डाव्या चाकाच्या कमानीत विजेचा जादा पंखा लावतात, पण रेडिएटर साफ आणि पंख्याचं आच्छादन शाबूत असेल तर त्याची गरज मला दिसत नाही. शिवाय भोक.

स्टेडी बारला पॉलीयुरेथेनचे बुश लावून पाहिले. इंजिन डुलायचं थांबलं. एक्झॉस्टचा जोड तडकतो तो याच डुलण्याने, तेवढं चांगलं. पण आयडलिंगला डॅशबोर्डपर्यंत गुणगुण. बॉडीकडे रबर, इंजिनाकडे पॉली असा समझोता केला.

४ मे

चालू केलं. त्याआधी प्लग काढून स्टार्टरवर फिरवत ठेवलं, तेलाचा दिवा विझेपर्यंत. तेल खनिज २०डब्ल्यू-५०, झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं, साधारण ४.८ लिटर. आधुनिक पातळ तेल इथे चालत नाही: तेच तेल गिअरच्या दात्यांमध्ये चिरडलं जातं आणि सपाट टॅपेटनाही झिंक लागतं.

टायमिंगची खूण फ्लायव्हीलवर, क्लचच्या घरातल्या छोट्या झाकणामागे. फायरवॉलच्या बाजूने डोकं शिरत नाही म्हणून हातात आरसा, दुसऱ्या हातात टायमिंग लाइट, आणि आरशात खूण उलटी हलते. आजचं पेट्रोल १९६८चं नाही, म्हणून पुस्तकाच्या आकड्यावर लावून नंतर चढावर नॉकिंग (सिलिंडरमधली खटखट) ऐकत थोडं मागे घेतलं.

पाणी भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा आणि वरचा होज सुटा ठेवला, हवा तिथून निघाली.

आकडे: स्टार्टर फिरवताना ब्लॉक आणि बॅटरीच्या ऋण टोकामध्ये ०.१५ व्होल्ट. आयडलिंगला हेडलाइट लावून बॅटरीवर १३.७.

११ मे

पावसात नेली. जाळीवर पाणी आपटत होतं, इंजिनाने दखल घेतली नाही. गरम असताना बंद करून पंधरा मिनिटांनी चालू केली, पहिल्या फेऱ्यात. प्लग फिक्कट तपकिरी, तिसरा किंचित पांढुरका. ए-सिरीजच्या हेडला इनटेकची तोंडं दोनच, पहिला-दुसरा सिलिंडर एकाच्या वाट्याला, तिसरा-चौथा दुसऱ्याच्या. चौघांना अगदी सारखं मिश्रण मिळत नाहीच. इतका फरक चालवून घेतो.

१ जून

५०० किलोमीटर झाले. थंड इंजिनवर हेडचे नट एकेक करून किंचित ढिले आणि परत ५४वर. दोन नटांनी थोडं घेतलं. टॅपेट पुन्हा. पट्टा ताणला.

पांढऱ्या रंगाने काम केलं. मागच्या टॅपेट कव्हरच्या खाली तेलाची पुसट रेघ आहे, थेंब धरत नाही. त्या कव्हरचा मधला बोल्ट आवळला तर कॉर्क पिळून निघतो आणि गळती वाढते, म्हणून हात लावलेला नाही. नवं गॅस्केट बसवायचं तर मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर काढावे लागतील. नवा कॉर्क आणून ठेवलाय. मॅनिफोल्ड पुढे कुठल्या कारणाने निघाला की तेव्हा बसवेन. तोवर दर रविवारी कापडाने पुसून रेघ किती लांब झाली ते पाहायचं.